'आपण' म्हणजे कोण? : दूरस्थ तास आणि वाङ्मयाचे अध्यापन

करोनाच्या साथीनंतरच्या वर्षांत मराठी विभागांच्या चर्चासत्रांतून आणि अभ्यासमंडळांच्या बैठकांतून एक भूमिका उत्तरोत्तर बळावत गेली आहे. तिचे सार असे सांगता येईल : अध्यापन म्हणजे आशयाचे संक्रमण, साहित्यकृती, तिची पार्श्वभूमी, तिच्यावरील समीक्षा आणि तिच्या आकलनाला लागणाऱ्या संकल्पना हा तो आशय, आणि तो एखाद्या उत्तम व्याख्यात्याच्या मुद्रित व्याख्यानातून अधिक शुद्ध स्वरूपात, अधिक विद्यार्थ्यांपर्यंत पोचत असेल, तर त्यासाठी तालुक्याच्या गावी एक खोली, तीत काही बाके आणि त्यांच्यापुढे दररोज उभा राहणारा एक सामान्य वकुबाचा प्राध्यापक यांची आवश्यकता काय? या भूमिकेला विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही तितकेच परिचित आहे. त्यांच्या मते विद्या गुरुमुखातूनच मिळते, वर्गातील 'जिवंत' सान्निध्याला पर्याय नाही, आणि पडद्यावरचा गुरू हा गुरूच नव्हे.

प्रस्तुत लेखकाला या दोन्ही भूमिका अमान्य आहेत, आणि त्या एकाच कारणासाठी अमान्य आहेत. वाङ्मयाच्या तासाला नेमके काय घडते, याचा विचार दोघांपैकी कोणीही केलेला नाही. पहिल्या पक्षाला वर्ग ही नळी वाटते, दुसऱ्याला तो गाभारा वाटतो. नळी बदलली तरी पाणी तेच, असे पहिला म्हणतो. गाभाऱ्याबाहेर देव नाही, असे दुसरा म्हणतो. (अक्कलकोटसारख्या तीर्थक्षेत्री राहणाऱ्या माणसाला हा दुसरा युक्तिवाद रोजच ऐकावा लागतो, पण तेथे तो निदान श्रद्धेचा म्हणून केला जातो, शिक्षणशास्त्राचा म्हणून नव्हे.)

दुसऱ्या पक्षाचा समाचार आधी घेतलेला बरा, कारण तो आपल्या घरचा आहे. मुद्रित व्याख्यानाविरुद्ध आज जे जे बोलले जाते, त्यातील बहुतेक सारे प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात लेखनाविरुद्ध बोलून झालेले आहे. थ्यूथ हा देव लेखनविद्या घेऊन इजिप्तच्या थामस राजाकडे येतो आणि राजा ती नाकारतो. लेखनाने स्मृती दुबळी होईल. लिहिलेल्या शब्दाला प्रश्न विचारला तर तो पुन्हा तेच सांगेल. ज्याला कळते आणि ज्याला कळत नाही अशा दोघांच्याही हाती तो सारखाच पडेल. देरिदाने १९६८च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात या प्रसंगातील 'फार्माकॉन' या शब्दाचा, म्हणजे औषध आणि विष असे दोन्ही अर्थ पोटात बाळगणाऱ्या शब्दाचा, माग काढला आणि उच्चारित शब्दाला सत्याच्या निकट व लिखित शब्दाला दूर मानण्यामागची तत्त्वमीमांसा उघड केली. आपल्या एम.ए.च्या अभ्यासक्रमात विरचना हा घटक येऊन बराच काळ लोटला. तो घटक वर्षानुवर्षे शिकविणारे अध्यापक दूरस्थ तासाचा विषय निघताच एकाएकी सान्निध्याचे उपासक कसे होतात, हे कोडे आहे. सान्निध्य ही जर सत्याची हमी नसेल, तर ती चांगल्या अध्यापनाचीही हमी असू शकत नाही.

हा मुद्दा तत्त्वज्ञानातूनच सिद्ध करण्याची गरज नाही. अक्कलकोट तालुक्यातील हन्नूर या गावी १९५६ साली जन्मलेल्या शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' हे आत्मकथन १९८४ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या आरंभीच शाळेच्या सहलीचा प्रसंग येतो. सहलीत मुले जातीनुसार वेगवेगळी बसतात. सवर्ण मुलांचे उरलेले अन्न दलित मुलांच्या वाट्याला येते. आणि नंतर गुरुजी त्याच सहलीवर निबंध लिहावयास सांगतात. मराठी वाङ्मयाच्या अध्यापनाविषयी याहून मूलगामी प्रसंग प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही. येथे गुरुजी उपस्थित आहेत, विद्यार्थी उपस्थित आहेत, झाडे, सावली, भाकरी सारे 'जिवंत' आहे. सान्निध्यात उणीव कशाचीच नाही. तरीही निबंधाचा विषय देताना गुरुजींच्या मनातील 'आपली सहल' ज्या मुलांची आहे, त्यांत हा मुलगा नाही. जो अनुभव त्याने घेतला तो त्या निबंधात लिहिता येण्याजोगा नाही, आणि जो निबंध अपेक्षित आहे तो अनुभव त्याने घेतलेला नाही. तो निबंध पुढे आत्मकथन होऊन आला. पण शाळेच्या वहीत तो येऊ शकला नाही, हे वर्गाच्या स्तुतिपाठकांनी विसरू नये.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. गेल्या तीन-चार दशकांत आपल्या बहुसंख्य महाविद्यालयांतील वाङ्मयाचा तास म्हणजे टिपणे उतरवून देण्याचा तास झाला होता. प्राध्यापक पिवळ्या पडलेल्या कागदांवरून 'कवितेतील निसर्ग', 'कवितेतील प्रेमभावना', 'कवितेची भाषाशैली' अशी शीर्षके सांगणार आणि विद्यार्थी ती खाली मान घालून लिहून घेणार. दर वर्षी तेच कागद, तीच स्वल्पविरामाची सूचना, तोच विनोद. असा तास फार पूर्वीच मुद्रित होऊन गेलेला होता. २०२०च्या मार्चमध्ये महाविद्यालये बंद पडली तेव्हा त्याला फक्त यंत्र मिळाले. म्हणूनच ते स्थित्यंतर इतके विनासायास घडले. ज्यांना या स्थित्यंतराने दुःख झाले, त्यांनी आपण नेमके काय गमावले हे एकदा प्रामाणिकपणे सांगावे. पुष्कळांनी केवळ श्रोते गमावले.

दूरस्थ शिक्षणाने जे दिले आहे ते कमी लेखणेही अन्यायाचे होईल. बहिःस्थ विद्यार्थी म्हणून, नोकरी किंवा शेती सांभाळून, बाजारातील मार्गदर्शिका वाचून मराठी घेऊन पदवी मिळविणारी एक पिढी सोलापूर जिल्ह्यात होऊन गेली. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि ज्यांना महाविद्यालयाची पायरी चढता आली नव्हती त्यांना पुस्तके घरी मिळू लागली. ज्या मुलाला सहलीवरील निबंध लिहिता आला नव्हता, त्या लिंबाळे यांनीच पुढे या मुक्त विद्यापीठात दीर्घकाळ काम केले, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. ज्याला वर्गाने दूर बसविले त्याला दूरस्थ शिक्षणाची भीती वाटण्याचे कारण नसते. घरी बसून पुस्तक वाचताना निदान बाक विटाळत नाही. तंत्रज्ञानाचेही तसेच आहे. याच जिल्ह्यातील माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तो पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या कामासाठी. पाठ्यपुस्तकाच्या पानावरून आवाजाकडे, चित्राकडे, दुसऱ्या भाषेकडे जाता येणे ही वाईट गोष्ट आहे, असे कोण म्हणेल?

तेव्हा प्रश्न उपस्थिती विरुद्ध अनुपस्थिती असा नाही, आणि जुने विरुद्ध नवे असाही नाही. 'आशयाचे संक्रमण' ही कल्पना वाङ्मयाला लागू पडते काय, हा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखकाचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि त्यासाठी वाङ्मयविचाराच्या इतिहासातील दोन वर्ग पुन्हा आठवावे लागतील.

पहिला वर्ग केंब्रिजचा. आय. ए. रिचर्ड्स यांनी कवीचे नाव आणि काळ झाकून कविता विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या आणि त्यांवरील लेखी अभिप्राय मागविले. त्या प्रयोगातून १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा ग्रंथ उभा राहिला. दूरस्थ तासाच्या समर्थकांनी हा दाखला आपल्या बाजूने वापरावयास हवा होता. त्यांनी तो वापरला नाही याचे आश्चर्य वाटते. कारण विद्यार्थी कविता घरी नेत, आठवडाभर आपापल्या सवडीने वाचीत आणि निनावी अभिप्राय लिहून देत. कोणी कोणाचे तोंड पाहत नव्हते. परंतु प्रयोग तेथे संपत नव्हता. रिचर्ड्स ते अभिप्राय घेऊन पुन्हा वर्गासमोर उभे राहत आणि त्यांवर व्याख्यान देत. ग्रंथातील अविस्मरणीय भाग कवितांविषयीचा नाही. तो गैरवाचनांविषयीचा आहे. सुशिक्षित वाचक कोठे भावविवश होतो, कोठे ठरीव प्रतिक्रिया देतो, कोठे साधा अर्थही चुकतो, हे त्या वर्गाने स्वतःच्याच हस्ताक्षरात पाहिले. त्या व्याख्यानांचा विषय वर्गाने स्वतः पुरविला होता. ती व्याख्याने आदल्या वर्षी मुद्रित करून ठेवणे अशक्य होते, आणि त्याला कारण कॅमेरा नव्हता हे नव्हे.

दुसरा वर्ग बफेलो येथील, १९७१च्या उन्हाळ्यातील. स्टॅन्ली फिश यांच्या आधीच्या तासाला फळ्यावर भाषाविज्ञानाच्या काही अभ्यासकांची आडनावे, वाचनासाठी नेमून दिलेली म्हणून, एकाखाली एक लिहिलेली राहिली होती. पुढचा तास सतराव्या शतकातील धार्मिक कवितेचा. फिश यांनी त्या नावांभोवती एक चौकट आखली, वर एक पृष्ठक्रमांक टाकला आणि ही तशीच एक कविता आहे असे सांगून तिचा अर्थ लावण्यास सांगितले. विद्यार्थ्यांनी तो लावला. सविस्तर, आत्मविश्वासाने आणि बुद्धिमत्तेने लावला. संहितेचा अर्थ संहितेत नसून अर्थनिर्णयन करणाऱ्या समूहाच्या संकेतांत असतो, या फिश यांच्या सिद्धांताचा हा नित्याचा दाखला आहे. आपण तो शिकवितो. त्यातील वर्गाकडे मात्र दुर्लक्ष करतो. फळा पुसावयाचा राहिला होता. एका विद्यार्थ्याने एक शब्द उचलला आणि दुसऱ्याने त्याला दुसरा शब्द जोडला, म्हणून 'कविता' घडत गेली. शिवाय गुरूने ही कविता आहे असे सांगितले म्हणून ती कविता झाली. म्हणजे वर्गात सत्ता असते, लबाडीही असते. फिश यांच्या दाखल्यातून वर्गाचे पावित्र्य मुळीच सिद्ध होत नाही. त्यातून एवढेच सिद्ध होते की अर्थ हा एकमेकांच्या देखत लावला जातो, आणि देखत लावला जातो म्हणूनच तो तपासता, मोडता आणि नाकारताही येतो.

आता अक्कलकोटला येऊ. सोलापूरच्या आग्नेयेस, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेला हा तालुका. १९६७च्या महाजन आयोगाच्या अहवालाने तो कर्नाटकात घालावा असे सुचविले होते, आणि २०२२च्या अखेरीस हा वाद पुन्हा एकदा उकरून काढण्यात आला. राजकारण बाजूला ठेवू. वाङ्मयाच्या अध्यापकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, येथे मराठीच्या तासाला बसणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी कन्नड बोलली जाते. काहींच्या घरी दखनी उर्दू बोलली जाते. सोलापूर परिसराला हे नवे नाही. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, कवितेची भाषा कन्नड; आणि १९४४ ते १९५६ या काळात ते सोलापूरच्या डी.ए.व्ही. महाविद्यालयात कन्नड शिकवीत होते. त्यांना पुढे १९७३चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला तेव्हा मराठी माणसाला थोडा अभिमान आणि थोडी रुखरुख वाटली असणार. परंतु एका भाषेत जगून दुसऱ्या भाषेत कविता वाचणे म्हणजे काय, हे आम्हाला बेंद्र्यांपेक्षा आमच्या विद्यार्थ्यांनी अधिक शिकविले आहे.

एक प्रसंग सांगतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एक कविता चालू होती. तीत निवेदक थोरल्या बहिणीला 'ताई' अशी हाक मारतो. मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने उभे राहून कवितेचे जे विवरण केले, ते ऐकून वर्गात हशा पिकला, कारण तो ती कविता आईविषयीची म्हणून वाचीत होता. चूक साधी होती. कन्नडमध्ये 'तायी' म्हणजे आई. हसू ओसरल्यावर पहिल्या रांगेतील एक विद्यार्थिनी म्हणाली की, तो चुकला खरा, पण या कवितेत आई कोठेच नाही. भाकरी करून देणारी, शाळेत पोचविणारी, रात्री दार उघडणारी ती ताईच आहे. मग कविता पुन्हा वाचली गेली. ज्या आईचा उल्लेख नाही तिची अनुपस्थिती ही त्या कवितेची मध्यवर्ती गोष्ट आहे, हे त्या दिवशी वर्गाच्या आणि प्रस्तुत लेखकाच्याही प्रथमच लक्षात आले. ती कविता तोवर अनेक वर्षे शिकवून झाली होती. टिपणांत 'भाऊ-बहिणीच्या प्रेमाचे हृद्य चित्रण' असे वाक्य होते. ते त्यानंतर खोडले.

साथीच्या काळात तीच कविता पडद्यावरून शिकविली. व्याख्यान अधिक नेटके झाले होते. कन्नड 'तायी'चा उल्लेखही त्यात, एक रंजक माहिती म्हणून, अंतर्भूत केला होता. त्यानंतर बहुपर्यायी प्रश्नांची एक चाचणी घेतली गेली. तीत 'ताई' या संबोधनाचा अर्थ विचारला होता आणि पर्यायांत 'आई' हाही होता. ज्यांनी तो निवडला त्यांना शून्य गुण मिळाले. ते कोण होते, त्यांनी तो पर्याय का निवडला, आणि त्या चुकीतून कविता कोठे उघडली असती, हे विचारण्यास जागाच नव्हती. चूक होती, पण तिला साक्षीदार नव्हता. 'आशय' मात्र शंभर टक्के संक्रमित झाला होता.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. पडद्यावरही विद्यार्थ्याला बोलता येते, हात वर करता येतो, प्रश्न लिहिता येतो. हा तंत्राचा दोष नसून तंत्र नीट न वापरण्याचा दोष आहे. या आक्षेपात तथ्य आहे. आठ-दहा विद्यार्थी, सर्वांकडे उत्तम यंत्रे, सर्वांच्या घरी स्वतंत्र खोली आणि अखंडित वीज असेल, तर दूरस्थ तासालाही वर्गाची कळा येऊ शकते. परदेशस्थ मराठी कुटुंबांतील मुलांसाठी असे वर्ग चालतात आणि ते उत्तम चालत असतील. परंतु आपण कोणाविषयी बोलत आहोत? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८च्या फेरीनुसार ग्रामीण भारतातील १०० पैकी सुमारे १५ कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती आणि संगणक असलेली कुटुंबे पाचांहूनही कमी होती. 'असर'च्या २०२०च्या पाहणीत शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. २०१८ साली हे प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास होते. वाढ मोठी आहे. पण घरी एक फोन असणे आणि तो मुलीच्या हाती सकाळी दहा वाजता असणे या दोन गोष्टी एक नव्हेत; तो फोन बहुधा वडिलांबरोबर बाजारात गेलेला असतो.

येथे अभिनवगुप्ताची आठवण होते. 'अभिनवभारती'त त्याने रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. तंत्रज्ञांची आजची सारी झटापट यांपैकी दोन विघ्नांशी चाललेली आहे : प्रतीतीची साधने अपुरी असणे आणि प्रतीती स्फुट नसणे. चित्र स्पष्ट दिसावे, आवाज तुटू नये, यासाठी ते झटतात; झटोत बापडे. परंतु अभिनवगुप्त आणखी एका विघ्नाचा निर्देश करतो : प्रेक्षक स्वतःच्या खाजगी सुखदुःखाने विवश झालेला असणे. आणि या विघ्नाच्या निवारणार्थ तो जी साधने सांगतो त्यांत गीत-वाद्यांबरोबर विचित्र, म्हणजे शोभिवंत, मंडपाचाही समावेश आहे. नाट्यमंडप हा प्रेक्षकाला त्याच्या घरातून, त्याच्या 'निज' सुखदुःखातून, काही काळ बाहेर काढणारा अवकाश आहे. तेथे सर्व सामाजिकांची प्रतीती एकवटते आणि त्या एकवटण्याने रस पुष्ट होतो. आमच्या महाविद्यालयातील खोली शोभिवंत नाही. तिचा पंखा फिरताना आवाज करतो. परंतु दोन खोल्यांच्या घरात धाकट्या भावंडाला मांडीवर घेऊन, चुलीवरच्या दुधाकडे एक डोळा ठेवून व्याख्यान ऐकणाऱ्या मुलीच्या संदर्भात तो मंडपच आहे. घरापासून महाविद्यालयापर्यंतचा एस.टी.चा प्रवास हा तिच्यासाठी वेळेचा अपव्यय नसतो. ती तेवढा वेळ कोणाची मुलगी किंवा बहीण नसते. ज्यांच्या घरी अभ्यासिका आहे त्यांना हे विघ्न दिसत नाही, आणि धोरणे बहुधा तेच आखतात.

आता मूळ मुद्दा. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहे. 'आम्ही' ऐकणाऱ्याला वगळते. 'आपण' त्याला सामावून घेते. व्यावर्तक आणि समावेशक असे हे दोन प्रकार. हा भेद मराठीत द्राविडी भाषांच्या संपर्कातून आला असावा असे मानले जाते. आणि गंमत अशी की जुन्या कन्नडमध्ये असलेला हा भेद आजच्या कन्नडने टाकून दिला आहे. तेथे दोन्हींसाठी 'नावु' एवढेच. त्यामुळे आमच्या कन्नडभाषक विद्यार्थ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. तो प्राध्यापकाला 'सर, आपण काल आलो नव्हतो' असे सांगतो तेव्हा स्वतःच्या गैरहजेरीत प्राध्यापकालाही सामील करून घेतो. एमिल बेन्व्हेनिस्त यांनी दाखवून दिले आहे की 'मी' आणि 'तू' ही सर्वनामे प्रत्यक्ष उच्चाराच्या घटनेतच अर्थ धारण करतात. त्या घटनेबाहेर ती रिकामी असतात. समावेशक सर्वनामात 'मी' आणि 'तू' एकत्र येतात. म्हणून 'आपण'ची मागणी सर्वांत कडक असते : तेथे खरोखरीचा 'तू' असावा लागतो, आणि त्याला 'मी तुमच्यात नाही' असे म्हणता यावे लागते.

मुद्रित व्याख्यानातील प्रत्येक दुसरे वाक्य 'आज आपण पाहणार आहोत' असे असते. हा 'आपण' कोण? कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्याला तो ठाऊक नसतो. तो एक सरासरी विद्यार्थी कल्पितो, आणि ती सरासरी बहुधा त्याच्या स्वतःच्या भाषेची, स्वतःच्या जातिवर्गाची, स्वतःच्या शहराची निघते. ज्याच्या मराठीत 'तायी'चा पडसाद आहे तो त्या 'आपण'मध्ये नसतो, पण तसे सांगण्याची त्याला सोय नसते. 'अक्करमाशी'तील गुरुजींचा वर्गही असाच होता, हे वर म्हटलेच आहे. फरक इतकाच, पण तो फार मोठा आहे, की तेथे वगळला गेलेला मुलगा दिसत होता. तो वेगळ्या झाडाखाली बसलेला सर्वांना दिसत होता; गुरुजींनाही दिसत होता. त्या अन्यायाला जागा होती, दिशा होती, अंतर होते. म्हणून तो पुढे लिहिता आला. पडद्यावरील वगळणुकीला झाड नसते. तेथे सर्वांचे चौकोन सारखेच काळे असतात. देशीवादाची चर्चा आपल्याकडे इतकी वर्षे झाली. अक्कलकोट, जत, उदगीर, चंदगड येथील मराठी एकाच मुद्रित स्वरात शिकविली जाऊ लागल्यास त्या चर्चेचे काय करावयाचे, हे देशीवाद्यांनी सांगावे.

हा वाद केवळ तात्त्विक असता तर एवढा आवेश दाखविण्याचे कारण नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 'स्वयम्'विषयीच्या २०२१च्या विनियमांनुसार एखाद्या पाठ्यक्रमातील एका सत्राच्या एकूण विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय या ऑनलाइन मंचावरून घेण्यास मुभा दिली आहे. २०१६ साली ही मर्यादा २० टक्के होती. मुभा ही सक्ती नव्हे, हे खरे. परंतु ज्या महाविद्यालयांत मराठीची पदे निवृत्तीनंतर रिक्त राहतात आणि काम तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर निभावले जाते, तेथे मुभेचे रूपांतर सोयीत आणि सोयीचे रूपांतर रीतीत होण्यास किती काळ लागेल? मोठ्या शहरांतील नामांकित महाविद्यालये आपले वर्ग राखतील; त्यांना ते राखता येतात. मुद्रित व्याख्यान येईल ते अक्कलकोटच्या वाट्याला. मग दर्जेदार शिक्षण खेड्यापर्यंत पोचल्याचा गौरव होईल आणि खेड्यातील मराठीचा अध्यापक, ज्याला विद्यार्थ्याच्या घरची भाषा कळते, तो कोणाला न कळविता नाहीसा होईल. सामान्य वकुबाचा असेल तो. पण 'तायी' ऐकताच चूक कोठून आली हे ओळखणारा तोच आहे.

म्हणून अभ्यासमंडळांपुढे हा प्रश्न येईल तेव्हा भूमिका निःसंदिग्ध असावी. वाङ्मयेतिहासाची माहिती, कोशांचा वापर, छंदःशास्त्राचा परिचय, संशोधनपद्धती हे विषय खुशाल पडद्यावर जावोत. तेथे चांगला व्याख्याता मिळाला तर आनंदच आहे. परंतु जेथे संहिता वाचावयाची आहे, मग ती कविता असो, कादंबरी असो की आत्मकथन, ते विषय त्या ४० टक्क्यांत धरू नयेत, आणि ते शिकविण्यासाठीचे पद रिक्त ठेवू नये. वर्गाच्या समर्थकांकडूनही एक किंमत वसूल केली पाहिजे : उतरवून देण्याची टिपणे त्यांनी बंद करावीत. ज्या अध्यापकाला वर्गात फक्त सांगावयाचे आहे, त्याने ते मुद्रित करून घरी पाठवावे आणि खोली मोकळी करावी.

यंत्र वापरावयाचेच असेल तर ते उलट्या दिशेने वापरून पाहता येईल. प्राध्यापकांची व्याख्याने पुरेशी मुद्रित झाली आहेत. एकच कविता अक्कलकोटच्या, गडहिंग्लजच्या आणि किनवटच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या बोलीत मोठ्याने वाचून, तिचा अर्थ सांगून मुद्रित करावी. ती वाचने एकमेकांच्या वर्गांत ऐकवावीत आणि त्यांवर चर्चा व्हावी. रिचर्ड्स यांच्या प्रयोगाला हे अधिक जवळचे ठरेल, आणि यासाठी लागणारा फोन आता बहुतेक वर्गांत निदान एकाकडे तरी असतो. पहिल्या फेरीसाठी 'ताई' असे संबोधन असलेली एखादी कविता निवडावी, अशी सूचना आहे.